मातीतलं बी मोजणारे सबनीस

सबनीस कुणाच्याही घरी गेले, की आधी ओट्यावर बसून धोतराला चिकटलेली कुसळं वेचत आणि कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवत. तोवर आतला चहा निवून जाई. "एकाच्या शेतातलं गवत दुसऱ्याच्या अंगणात कशाला?" असं वर आम्हालाच विचारत. लोक मागून हसत. मीही हसत असे.

राज्य नवं झालं त्या सुमारास आम्ही तापीकाठच्या एका सरकारी शेतकी फार्मावर होतो. मी कारकून, आणि सबनीसांचं काम शेतातल्या मातीत तणाचं किती बी दडलंय ते मोजायचं. माणूस साताऱ्याकडचा. बायको लग्नानंतर दोन वर्षांत गेली, पुन्हा संसार केला नाही. गुजर शेतकऱ्यांच्या कपाशीतली माती ते आणत, बारीक चाळणीत धूत आणि उरलेला गाळ भिंगाखाली धरून सुईनं एकेक बी वेगळं काढत. "कुर्डू एकोणचाळीस, कुर्डू चाळीस..." असा आवाज खिडकीतून माझ्या टेबलापर्यंत येई. कित्येक दिवस तेवढंच त्यांचं बोलणं असे.

पण धुतलेल्या मातीत मेलेलं बीही मोजलं जातं. म्हणून थोडी माती ते पत्र्याच्या परातींत पसरून पाणी घालत आणि उगवलेलं रोप ओळखू येण्याइतकं वाढलं, की मोजून उपटत. मग माती हलवून पुन्हा पाणी. "बी झोपलेलं असतं, शिरसाठ. यंदा हाक मारली, तर पुढच्या साली उठतं," असं म्हणत. वरच्या साहेबांना एवढा धीर नव्हता. तिसऱ्या वर्षी पत्र आलं, की या पावसाळ्याचे आकडे पुरे आले नाहीत तर हे काम बंद.

नेमकं त्याच वेळी त्यांना चार दिवस धडगावला जावं लागलं. मागे निंदणीवरच्या जमनाबाईनं त्या पराती पाहिल्या. सारी हयात तण काढण्यात गेलेल्या बाईला ते बघवेना. तिनं सगळ्या पराती निंदून लख्ख केल्या आणि तण शेळ्यांना घातलं. सबनीस परतल्यावर तिनं कौतुकानं दाखवलं, "साहेब, तुमना घरमा बाईमानूस नही. म्हनीसन मीच निंदी टाकं."

सबनीसांनी एका परातीतली माती बोटानं हलवून पाहिली. मग फार छान झालं म्हणाले आणि तिला स्वतः चहा करून दिला.

गेल्या दोन सालांवरून अंदाजानं आकडे भरा, असं मी त्यांना सुचवलं. त्यांनी रजिस्टरात 'मोजणी झाली नाही' एवढंच लिहिलं. निदान कारण तरी लिहा म्हटलं, तर पेन मिटून म्हणाले, "लिहिलं तर तिची रोजंदारी जाईल. आणि शिरसाठ, इथं आल्यापासून न सांगता माझं काम कुणी केलं, ते हे पहिलंच."

काम बंद झालं. त्यांची बदली दूर विदर्भात झाली. नंदुरबार स्टेशनावर पोचवायला मी एकटाच होतो. बाईला काही कळू देऊ नका, एवढंच त्यांनी बजावलं. मी पत्र लिहीन म्हणालो आणि कधीच लिहिलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

जमनाबाई पुढं बरीच वर्षं फार्मावर होती. नव्या बायांना ती परातींची गोष्ट अभिमानानं सांगे आणि शेवटी माझ्याकडे वळून विचारी, "साहेब खूश व्हयनात ना, भाऊ?"

मी हो म्हणत असे. ते खोटंही नव्हतं.