वगळलेले ठिपके

बारावीला मी स्टॅटिस्टिक्स घेतलं ते अवघड गणितातून सुटका म्हणून, आणि मॅडमनी पहिल्याच महिन्यात पळता भुई थोडी केली. प्रोजेक्टला स्वतः गोळा केलेले आकडे हवेत, पुस्तकातले चालणार नाहीत म्हणाल्या. मी घरातलेच उचलले. आम्ही तमिळ मुलखात राहायचो; बाबा तांबरमहून लोकल गाड्या चालवायचे. त्यांना नुकताच मधुमेह निघाला होता आणि पाच आठवड्यांनी रेल्वेची वैद्यकीय तपासणी होती. साखर आटोक्यात नसली तर गाडीवरून उतरवून ऑफिसात बसवणार. ही धास्ती त्यांना आतून खात होती, पण घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं.

मी रोज दोन गोष्टी लिहायची: ते किती मिनिटं चालले, आणि जेवणानंतर दोन तासांनी बोट टोचल्यावर यंत्रात साखर किती आली. आकडा बघायची बाबांना भीती वाटायची, तो मीच वाचायची. आलेखावर ठिपके छान उतरत गेले. चालणं जास्त, साखर कमी. फक्त काही ठिपके मेले पार वरच्या कोपऱ्यात जाऊन बसायचे आणि माझी रेघ बिघडवायचे. यंत्राचं काहीतरी चुकलं असेल, असं म्हणून मी ते खोडून टाकले. खरं सांगायचं तर यंत्राचा मला कधीच संशय आला नव्हता. मला मार्क हवे होते.

तपासणीच्या आदल्या दिवशी मॅडमनी वही तपासली. "पस्तीस दिवस आणि ठिपके सत्तावीस? बाकीचे आठ कुठे गेले?"

"ते... बसत नव्हते, मॅडम."

"बसत नाहीत म्हणून टाकायचे नसतात. का बसत नाहीत ते आधी शोधायचं. वार कुठले होते?"

मी तारखा बघत गेले. सगळे गुरुवार आणि सोमवार. बाबांचे उपास. गुरुवार जुनाच, आणि सोमवार तपासणी नीट पार पडावी म्हणून आईने मधेच धरायला लावलेला.

"उपासाला खातात काय?"

"साबुदाण्याची खिचडी. बटाटा घालून. दोन्ही वेळेला."

मॅडम तमिळ, त्यांच्याकडे साबुदाणा पायसमात, म्हणजे खिरीत पडतो. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मधुमेहाच्या माणसाला? उपास म्हणून?"

काय सांगणार, कपाळ! आमच्या घरी उपास म्हणजे पोटाला आराम. हे डॉक्टरांना विचारावं असं कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

सायकल दामटत घरी आले. तो गुरुवारच होता. बाबा पानावर बसले होते आणि आई दुसऱ्यांदा वाढत होती. धापा टाकत मी सगळं सांगितलं. आईचा चेहरा उतरला. "अगं, मी त्यांच्या भल्यासाठीच..." एवढंच म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. तिचा राग यायला हवा होता, पण आला तो माझा मलाच.

दुसऱ्या दिवशी बाबा दुपारीच परतले. "तीन महिने ऑफिस. मग पुन्हा बघू म्हणाले," चपला काढता काढता त्यांनी सांगितलं. चहा घेतला. मग म्हणाले, "ती वही आण बघू तुझी."

मी खोडलेले ठिपके पेन्सिलने पुन्हा मांडले. बाबा एकेकावर बोट ठेवत गेले.

"हे तुला कधीपासून दिसत होतं?"

खोटं बोलायला जीभ रेटेना. "पहिल्या गुरुवारपासून."

बाबांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "मला नुसतं सांगायचंस गं," म्हणाले.