गायीच्या कानातला बिल्ला आणि विमानाचं तिकीट

हा ब्लॉग वाचणारे बहुतेक जण ताडोबाचं कोणतं गेट निवडावं, वैनगंगेच्या पुलाआधी जेवायला कुठे थांबावं, असं विचारायला येतात. या वेळी वाघ नाही. चार दिवसांत चंद्रपूर, मूल, गडचिरोली, धानोरा आणि नागपूर असा पाचशे किलोमीटरच्या वरचा प्रवास झाला, आणि तो सगळा एका बाईचं नाव सिद्ध करण्यासाठी. मी अजून चिडलेली आहे. लिहून झाल्यावर हे दोनदा वाचलं. राग कमी केला नाही, फक्त तो योग्य माणसांवर काढलाय ना, एवढं तपासलं.

झालं असं. माझ्या मोठ्या जाऊबाईंची मुलगी पल्लवी बंगळुरूला नर्स आहे. तिच्या गळ्यात गाठ निघाली आणि शनिवारी सकाळी ऑपरेशन ठरलं. तारीख हुकली तर पुढची सहा आठवड्यांनी. एकटी राहणारी पोरगी, फोनवर एवढंच म्हणाली, "काकू, आई आली तरच मी टेबलावर जाईन." डिसेंबरचा शेवट, सुट्ट्यांची गर्दी, बल्लारशावरून जाणाऱ्या एकाही गाडीत जागा नव्हती. मी चंद्रपूरच्या घरी बसून दहा मिनिटांत शुक्रवारच्या नागपूर-बंगळुरू विमानाचं तिकीट काढलं. विमानात शेवटच्या दोन-तीन जागा उरल्या होत्या. नाव टाकलं सुनंदा. एकवीस वर्षं मी त्यांना सुनंदाबाई म्हणून ओळखते. विचारायचं काय त्यात?

मंगळवारी त्यांना आणायला मूलची एसटी धरली. चंद्रपूर ते मूल दीड तास, मधे चांगलं जंगल लागतं, खिडकी डावीकडची घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे. कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं आणि अर्धं तिकीट दिलं. कागद मागितला नाही. हे त्या दिवशी लक्षातही आलं नाही, पुढचे तीन दिवस सारखं आठवत राहिलं.

मूलहून ऑटोनं गावी पोचले तेव्हा अंगणात धानाची पोती रचणं चालू होतं. संध्याकाळी मी म्हटलं, "बाई, आधार कार्ड काढून ठेवा, विमानतळावर अस्सल लागतं." त्यांनी पत्र्याच्या पेटीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं कार्ड काढलं. फोटो त्यांचा. नाव चंद्रकला. पुढे वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव.

"हे कोणाचं?"

"माहंच हाय." त्या धान पाखडतच होत्या. "माय अंथरुणाले लागली होती तवा मी चार महिने तिकडंच होती. शाळेत कॅम्प लागला. भावानं शाळेचा दाखला देला, अन् काढलं."

"मग सुनंदा?"

"ते इथलं."

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीनं त्यावर बायकोचं नवं नाव लिहितो. एकतीस वर्षांपूर्वी माझ्या मोठ्या दिरांनी लिहिलं, सुनंदा. त्यांना विचारलं तेव्हा ते दारात बसून पाय चोळत होते. गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास जमत नाही. म्हणाले, "चंद्रकला? हो, तसंच काहीतरी होतं."

तसंच काहीतरी!

मी विमान कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पस्तीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी बोलायला आली.

"मॅडम, स्पेलिंगमध्ये दोन-तीन अक्षरांची चूक असेल तर आम्ही दुरुस्त करतो. प्रवासी बदलता येत नाही."

"प्रवासी बदललेला नाही! तीच बाई आहे."

"मग मॅडम, हे तिकीट रद्द करून नवीन काढा."

नवीन निघत नव्हतं. विमान भरलं होतं, आणि त्यातली एक खुर्ची बाईंचीच होती. रद्द केलं असतं तर तीही दुसऱ्या कुणाच्या हाती गेली असती.

मग पेटी उपसली. देशातल्या देशात उडायचं तर फोटोचं अस्सल ओळखपत्र लागतं आणि त्यावरचं नाव तिकिटाशी जुळावं लागतं. आधार चालतं, फोनमधलं सरकारी ॲपवरचं आधारही चालतं, नुसती झेरॉक्स किंवा फोनवर काढलेला फोटो चालत नाही. मतदार कार्ड, पॅन, वाहन परवाना चालतो. बाईंकडे मतदार कार्ड होतं, नाव सुनंदा, आणि फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी बाईचा.

"यावर तुम्ही मतदान करता?"

"बूथवरचे गुरुजी ओळखतात नं मले."

राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो असलेलं पासबुकही चालतं. त्यांचं पासबुक सहकारी बँकेचं. ते चालत नाही. राशनच्या यादीतून आधार जुळेना म्हणून त्यांचं नाव कधीच उडालं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. घरात कुणी त्यावर धावपळ केली नव्हती. धान घरचंच, मग कोण कशाला जातो?

यादीच्या तळाशी एक ओळ सापडली. कोणतंच ओळखपत्र नसेल तर गट-अ राजपत्रित अधिकाऱ्याचं त्यांच्या लेटरहेडवरचं, साक्षांकित फोटोसहित प्रमाणपत्र चालेल. वाचकहो, ही ओळ लिहून ठेवा. लागू नये, पण ठेवा.

बुधवारी सकाळी मूलमध्ये फोटो काढले आणि एका मोठ्या कार्यालयाच्या बाकावर दोन तास बसलो. साहेबांनी कार्ड उलटंपालटं केलं. "या दोघी एकच आहेत, हे मला कसं कळणार? माहेरच्या शाळेचा दाखला आणा, पोलीस पाटलाचं पत्र आणा. मग बघू."

बाई हळूच म्हणाल्या, "साहेब, दोघी नाई जी. मी एकलीच हाय."

शिपाई हसला. साहेब हसले नाहीत.

मूलहून सावली, व्याहाड करत गडचिरोलीची बस. पुलावरून वैनगंगा दिसते, डिसेंबरात पाणी निळं आणि वाळू स्वच्छ असते. एरवी मी यावर दोन परिच्छेद लिहिले असते. गडचिरोलीच्या बस स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले, चांगले होते. पुढे धानोऱ्यापर्यंत एसटी, तिथून बाईंच्या माहेरापर्यंत आत दहा किलोमीटर वडापची जीप. जीपमध्ये अठरा माणसं, मोहाच्या झाडांमधून रस्ता. या भागात दुपारी तीननंतर परतीचं वाहन मिळेल असं गृहीत धरू नका, मुक्कामाच्या तयारीनं जा. आम्ही त्यांच्या भावाकडे राहिलो.

जीपमधून उतरतो न उतरतो तोच एका कुडाच्या घरातून म्हातारी ओरडली, "चंद्री आली वो! चंद्रीऽऽ!"

बाईंनी वळून पाहिलं. मी एकवीस वर्षांत तो चेहरा पाहिला नव्हता. पन्नाशीची बाई, हातातली पिशवी तिथेच टाकून पळत गेली.

शाळेत मुख्याध्यापकांनी जुनं रजिस्टर काढलं. वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण ओळ शाबूत होती. चंद्रकला, चौथी उत्तीर्ण, शेरा: हुशार. बाईंनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. नंतर म्हणाल्या, "पायलं का, हुशार लिवलं हाय."

रात्री भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण जेवताना मला एक गोष्ट आठवली आणि ताट पुढे सरकवावंसं वाटलं. माझ्या लग्नात मी नाव बदलू दिलं नाही. हे मी मैत्रिणींना, विद्यार्थिनींना, याच ब्लॉगवरही अभिमानानं सांगितलंय. सांगितलं नव्हतं ते हे, की सासूबाई तांदळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी ते त्यांच्या हातातून घेतलं होतं. म्हणाल्या होत्या, "राहू द्या नं जी, हिचं नाव बेस हाय." माझं नाव त्यांनी वाचवलं. त्यांचं काय होतं, हे मी एकदाही विचारलं नाही. मग मी नेमकी कुणावर चिडत होते?

गुरुवारी दुपारी दाखला आणि तिथल्या पोलीस पाटलाचं पत्र घेऊन पुन्हा त्याच कार्यालयात. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. "आता तर कागदोपत्री दोन नावं झाली. उद्या काही झालं तर मी अडकेन. न्यायालयातून प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात द्या."

"साहेब, उद्या विमान आहे. पोरीचं ऑपरेशन आहे."

"नियम सगळ्यांना सारखा आहे, मॅडम."

मी आवाज चढवला. काय बोलले ते इथे लिहीत नाही, कारण त्यातलं अर्धं मला आज लाज आणणारं आहे आणि अर्धं अजूनही बरोबर वाटतं. बाईंनी मला दंडाला धरून बाहेर आणलं.

पायरीवर बसल्यावर त्याच म्हणाल्या, "ढोराच्या डॉक्टरची सही चालत नाई का?"

मी चिडूनच म्हटलं, "बाई, इथे गट-अ अधिकारी लागतो."

"त्याच्या दवाखान्याच्या पाटीवर तं तसंच काहीतरी लिवलं हाय. पशुधन विकास अधिकारी, गट-अ."

चौथी उत्तीर्ण, शेरा: हुशार.

गावाजवळच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर एका बैलाच्या पायाला पट्टी बांधत होते. बाईंना पाहताच म्हणाले, "काय सुनंदाबाई, कपिली काय म्हणते?" कपिली म्हणजे त्यांची गाय. मागच्या वर्षी वासरू आडवं आलं होतं तेव्हा याच डॉक्टरांनी बाहेर काढलं होतं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले आणि रजिस्टर उघडलं. गायीच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडे असतात. रजिस्टरात त्या आकड्यांपुढे मालकिणीचं नाव सुनंदा, गाव, फोन, सगळं बिनचूक. डॉक्टर म्हणाले, "पाहा, गायीचं सगळं जुळतं."

हसावं की त्या टेबलावर डोकं आपटावं, कळेना.

"मी तुम्हाला सात वर्षं ओळखतो, एवढंच लिहीन," ते म्हणाले. "कारण तेवढंच मला खात्रीनं माहीत आहे." लेटरहेडवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, फोटो चिकटवला, अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर. मग पेन थांबवून विचारलं, "माहेरचं नावही टाकू का? म्हणजे पूर्ण खरं होईल."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "नको, डॉक्टर. दोन नावं दिसली की गेटवर पुन्हा अडवतील."

म्हणजे त्या कागदावर बाईंचं माहेरचं नाव येता येता मीच थांबवलं. तिकिटासाठी. मी तेव्हा योग्यच केलं असं वाटतं. पण ताट घेऊन येणाऱ्या सासूबाईंनाही योग्यच वाटत असणार.

शुक्रवारी नागभीड, उमरेड या रस्त्यानं नागपूर. मूलकडून जाणार असाल तर हाच रस्ता घ्या, एसटीनं चार तास धरा आणि विमानाच्या अडीच तास आधी पोचा. तिकीट नसलेल्याला आत जाता येत नाही, त्यामुळे मी काचेबाहेर आणि बाई एकट्या रांगेत. मी कागदावर क्रमानं लिहून दिलं होतं: आधी गेट, मग काउंटर, मग तपासणी. गेटवरच्या जवानानं पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. बाईंना बाजूला उभं केलं आणि वरिष्ठाला बोलावलं. लोक चाकाच्या बॅगा ओढत त्यांच्या बाजूनं आत जात होते. बाई पिशवी छातीशी धरून उभ्या. अठरा मिनिटं मोजली मी. मग वरिष्ठानं पत्रावर बोट ठेवून काहीतरी विचारलं, हसला आणि हातानं आत जायची खूण केली.

नंतर त्यांनी फोनवर सांगितलं, "त्यानं विचारलं, माताजी, जानवरों का डॉक्टर आपको कैसे जानता है? मी म्हनलं, साहेब, तो मले ओळखते, बाकीचे कागद ओळखतात."

प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या जवानावर माझा राग नाही. कोण उडतंय हे पाहणं त्याचं काम आहे, आणि त्यानं ते नीट केलं. कार्यालयातल्या साहेबांवर आहे. मतदार कार्ड दुसऱ्या बाईच्या फोटोसह छापणाऱ्यावर आहे. "तसंच काहीतरी होतं" यावर सगळ्यात जास्त आहे. आणि दहा मिनिटांत तिकीट काढणाऱ्या बोटांवर आहे, जी माझी होती.

शनिवारी ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. टेबलावर जाईपर्यंत पल्लवीनं आईचा हात धरला होता.

दोन आठवड्यांनी परतीचं तिकीट काढायला बसले तेव्हा आधी फोन केला. "बाई, नाव कोणतं टाकू?"

पलीकडे कार्डाची प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. मग म्हणाल्या, "चंद्रकला टाक. कार्डावर तेच हाय." आणि पुढे, "अन् घ्यायले येशीन तं त्याच नावानं हाक मार. पाहू कसं वाटते."

नागपूरच्या विमानतळावर मी कठड्याला टेकून उभी होते. त्या बाहेर आल्या, तीच पिशवी, अंगावर पल्लवीनं घेतलेला नवा स्वेटर. मी हात वर केला आणि मोठ्यानं हाक मारली, "चंद्रकलाबाई!"

त्या माझ्या समोरून पुढे निघून गेल्या. पुन्हा हाक मारली. दोन अनोळखी बायकांनी वळून पाहिलं, त्यांनी नाही. शेवटी धावत जाऊन खांदा धरला.

"अवं," त्या दचकून म्हणाल्या, "मले वाटलं, दुसऱ्याच कोनाले बोलावून राह्यली."