तीन हातांचा पियानो

कॉलेज अर्धवट सोडलं की माणसाकडे दोन गोष्टी उरतात. लायब्ररीची पुस्तकं आणि किस्से. पुस्तकं मी परत केली. किस्से कुणी परत घेत नाही. गोदामात चहाच्या सुट्टीत कुणी विचारतं, "तू आधी काय करायचास?" आणि मी सुरू होतो. लोक हसतात. मीही हसतो. एकटा असताना तेच किस्से आठवले की कान गरम होतात.

आधी एक सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. डब्लिनमध्ये मी पियानोची डिग्री करत होतो. तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, सोडली. आता मे चालू आहे आणि घरी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी नोटेशनची बॅग खांद्याला लावून क्लोनडॉकिन या उपनगरातल्या घरातून निघतो आणि तिथल्याच बिझनेस पार्कात जाऊन खोकी पॅक करतो. संध्याकाळी बाबा विचारतात, "काय, आज कसं झालं?" मी इथल्या लोकांसारखं म्हणतो, "ग्रँड."

*

आमच्या वर्गात आम्ही तिघं. मी, ईफा नावाची आयरिश मुलगी आणि आयरिश मुलगा उशीन. शिकवायला मिसेस डोलन, वय सत्तरच्या पुढे, मूळच्या कासलबार या लहान गावच्या. त्यांचा जीव एकाच गोष्टीत अडकलेला: दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी मोठे पियानोवादक ऑपेरा आणि गाणी उचलून एकट्या पियानोवर बसवायचे, त्या रचना. गाणारा नाही, ऑर्केस्ट्रा नाही, सगळं दहा बोटांत. त्यात एक प्रसिद्ध युक्ती आहे. गाण्याची चाल दोन्ही अंगठ्यांनी मधे वाजवायची आणि बाकीची बोटं वर-खाली पाण्यासारखी पळवायची. डोळे मिटून ऐकलं तर वाटतं, वाजवणाऱ्याला तीन हात आहेत.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "ही सर्कस कशासाठी?"

डोलनबाई म्हणाल्या, "ऑपेरा बघायला तेव्हा पॅरिसला जावं लागायचं. माझ्या पणजीला कासलबारहून पॅरिसला कोण नेणार होतं? कुणीतरी ऑपेरा उचलून तिच्या बैठकीच्या खोलीत आणला. त्याला तू सर्कस म्हण."

मी मान डोलावली. पुढची दोन वर्षं वाजवली मात्र सर्कसच.

*

उशीन कागदावरून वाजवत नाही, टॅबलेटवरून वाजवतो. पायाखाली पेडल असतं, ते दाबलं की पान उलटतं. वार्षिक परीक्षेत तो एका ऑपेरातल्या चाली गुंफलेली लांबलचक फँटसी वाजवत होता. जोशात पेडल दाबलं गेलं चार-पाचदा, आणि मधली पानं उडाली. उशीन थांबला नाही. जे पान समोर आलं ते वाजवत सुटला.

बाहेरून आलेल्या परीक्षकांनी लिहिलं, "रचनेची उत्तम जाण."

डोलनबाई त्याला कॉरिडॉरमध्ये म्हणाल्या, "उशीन, तुझी ऑपेरातली बाई प्रेमात पडायच्या आधीच मेली रे."

*

आता आमचे लोक. बाबांना संगीत कळत नाही. बाबांना टाळ्या कळतात. मी वाजवत असताना ते माझ्याकडे बघतच नाहीत. मोबाइलवर शूट करत पाहुण्यांचे चेहरे बघत असतात. मी दहा वर्षांचा असताना आम्ही पुण्याहून इथे आलो, तेव्हापासून घरी जो येईल त्याला जेवणाआधी मी ऐकावा लागतो. भूक लागलेल्या माणसांइतके वाईट श्रोते जगात नाहीत.

गेल्या गणपतीत बाबांनी मंडळात जाहीर करून टाकलं, "माझा मुलगा असं वाजवतो की तीन हात वाटतात." कम्युनिटी हॉलमध्ये पियानो नव्हता. देशपांडेकाकांनी मुलीचा कीबोर्ड आणला. पाच सप्तकांचा. मला सव्वासात लागतात. मी म्हटलं, "बाबा, यावर नाही होणार."

"अरे, कोणाला कळतंय?"

हे वाक्य आमच्या घराचं ब्रीदवाक्य म्हणून दारावर लावायला हवं.

मी चिडून दुप्पट वेगाने वाजवलं. शेवटी उजवा हात वर-वर पळत गेला, कीबोर्ड संपला, हात थांबला नाही, आणि शेजारच्या टेबलावरच्या मोदकांच्या ताटात गेला. तीन मोदक खाली. आणि टाळ्यांचा कडकडाट.

देशपांडेकाका मिठी मारून म्हणाले, "शेवट फार टची होता."

किस्सा म्हणून हा नेहमी चालतो. एक भाग मी गाळतो. खाली वाकून मोदक उचलणारी माझी आई होती, आणि मी टाळ्या घेत उभा होतो.

*

आई गाते. म्हणजे गायची. तिची आवडती भावगीतं होती, स्वयंपाक करताना म्हणायची. वर्गातली पोरं एकदा घरी जेवायला आली तेव्हाही ती गुणगुणायला लागली. मी मराठीत म्हटलं, "आई, प्लीज. आत्ता नको." ती थांबली. ईफाने विचारलं, "त्या काय म्हणत होत्या?" मी म्हटलं, "काही नाही."

मग मला उपरती झाली म्हणा किंवा माज चढला म्हणा, तिचं एक भावगीत मी पियानोवर बसवलं. तीन हातांवालं. कडव्याकडव्याला वेगळी करामत. दोन महिने घालवले. तिला बसवून ऐकवलं.

तिने पूर्ण ऐकलं. म्हणाली, "छान आहे रे. पण यात श्वास कुठे घ्यायचा?"

मी म्हटलं, "पियानोला लागत नाही."

*

डोलनबाईंचा एक नियम होता. पियानोवर बसवलेलं गाणं वाजवायचं तर आधी ते शब्दांसकट म्हणून दाखवायचं. आवाज कसाही असो. जुन्या छापील प्रतींत सुरांच्या वर गाण्याचे शब्द बारीक अक्षरात छापलेले असतात, ते त्यासाठीच. ईफा म्हणायची. उशीन बेडकासारखा का होईना, म्हणायचा. मी कधीच म्हटलं नाही. दरवेळी घसा दुखत असायचा.

डिसेंबरच्या परीक्षेला मी असंच एक जर्मन गाणं वाजवलं. भन्नाट. हॉल उभा राहिला. मी दात काढून वाकलो. डोलनबाईंनी परीक्षकांसमोर विचारलं, "गाणं कशाबद्दल आहे?"

माझ्या बोटांत तर नुसतं पाणी खळाळत होतं. मी म्हटलं, "जत्रा? नदीकाठची?"

"नवरा बुडालाय. ती त्याच विहिरीत उडी मारायला आलीय." त्यांनी वही मिटली. "तू तिला टाळ्या मिळवून दिल्यास."

नापास केलं असतं तर मी भांडलो असतो. वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला मिळाले. परीक्षकांनाही कुठे काय कळत होतं. जानेवारीत मी परत गेलोच नाही.

*

आता शेवटचा. हा मी गोदामात सांगत नाही.

कॉलेजात दर बुधवारी दुपारी एक वाजता विद्यार्थ्यांची मैफल असते. फुकट, कुणीही यावं. गेल्या आठवड्यात ईफाचा मेसेज आला. "तुझे बाबा बरे आहेत ना?"

मी विचारलं, "का?"

"दर बुधवारी येतात. तू सोडलंस हे मी त्यांना फेब्रुवारीतच सांगितलं. सॉरी, मला वाटलं त्यांना माहीत असेल."

"काय म्हणाले?"

"थँक यू म्हणाले. आणि पुढच्या बुधवारी परत आले."

फेब्रुवारी. म्हणजे तीन महिने ते रोज "कसं झालं?" विचारतायत आणि मी "ग्रँड" म्हणतोय.

काल बुधवार होता. सुट्टी टाकून गेलो. बाजूच्या दाराने आत शिरलो, पुढच्या रांगांजवळच्या खांबाआड उभा राहिलो. वीसेक माणसं, बहुतेक पेन्शनर. तिसऱ्या रांगेत बाबा. गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मांडीवर न उघडलेला डबा, मोबाइल खिशात. स्टेजवर उशीन. बाबा त्याच्या हातांकडे बघत होते, पापणी न लववता. गाण्याची चाल अंगठ्यांत आली तसे बाबांचे अंगठे डब्याच्या झाकणावर हलायला लागले.

उशीन संपवून उठला. पुढचा मुलगा स्टूल वर-खाली करत होता. शेजारच्या आजीबाईंनी बाबांच्या कोपराला हात लावून विचारलं, "यातला तुमचा कोणता?"

बाबा स्टेजकडेच बघत राहिले.

"जो वाजवत नाहीये," ते म्हणाले, "तो."