ड्रिल मशीनवर झालेली बासरी

मी आठवीत होतो त्या वर्षी शिरोली एमआयडीसीत मंदी होती. आप्पा तिथं एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीन चालवायचे. आठवड्यातले तीनच दिवस काम मिळायचं. उरलेले दिवस ते दाराबाहेरच्या दगडावर बसून राहायचे. आई सकाळी कॉलनीतली धुणीभांडी करायची आणि दुपारी दुसऱ्यांच्या शेतात भांगलणीला, तण काढायला जायची. संध्याकाळी भात आणि आमटी. आमटीत डाळ शोधायला लागायची. पत्र्याच्या एका खोलीत आम्ही पाचजण. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. असंच होतं.

मला बासरीचं वेड होतं. पण जत्रेतली बासरी महिन्याभरात उलायची, उभी चीर पडायची. तिसरी उलली तेव्हा आप्पा म्हणाले, "बांबूचं काय खरं न्हाय. मी करून देतो की."

मालकाला विचारून त्यांनी भंगारातला ॲल्युमिनियमचा पाईप घेतला. उललेल्या बासरीची लांबी मोजली. भोकांच्या बाबतीत मात्र आपल्या कामातला नियम लावला. बोटांची सहाही भोकं एका मापाची, आणि दर दोन भोकांत अगदी सारखं अंतर. कडा घासून गुळगुळीत केल्या. जत्रेतल्या बासरीची भोकं लहानमोठी, कमीजास्त अंतरावर होती. ते आप्पांना अडाणी काम वाटलं होतं.

"त्या बासरीवाल्यानं डोळं झाकून पाडल्यागत हायेत," ते म्हणाले. "आता ही कुणालाबी दाव. एका सुताचा फरक न्हाय."

त्या पाईपवर मी पाच वर्षं वाजवलं. वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की गाणी व्हायची, तेव्हा मला पुढं बसवायचे. त्या बासरीत निषाद, म्हणजे सरगममधला नी, खाली बसायचा. तेव्हा निषाद हा शब्दच मला माहीत नव्हता. एक सूर रडतोय एवढं कळायचं. म्हणून तिथं आलो की ओठ जरा बाहेर वळवून जोरात फुंकायचो. सूर जागेवर यायचा. कुणी शिकवलं नव्हतं, माझं मीच शोधलं होतं, आणि त्याचा मला गर्व होता. विहारात कुणीतरी म्हणालं, "पोरगं रेडिओवर जाणार बघा." तेव्हापासून आप्पांनी तेच धरलं, आणि मीही.

बारावीनंतर सगळ्यांनी आयटीआय सांगितलं. मी बी.ए.ला संगीत घेतलं. शेजारचे काका दारातून जाताना ओरडायचे, "काय पावणं, बँडात जाणार व्हय?" आप्पा आतूनच उत्तर द्यायचे, "रेडिओवर जाणार त्यो. तुमी रेडिओ तेवढा घेऊन ठेवा."

शिकायला शाहूपुरीतले एक सर मिळाले. खाली नळाच्या सामानाचं दुकान, वर त्यांचा क्लास. सर रेडिओवर वाजवणारे, उभा जन्म बासरीत घातलेले. पण क्लास चालायचा तो तीन कीबोर्ड आणि एका जुन्या पियानोवर. त्याला मुलांची रांग. बासरीला मी धरून दोघं, आणि दुसरा इंजिनिअरिंगला गेला.

पहिल्या दिवशी सरांनी मोबाईलवर तानपुरा लावला आणि आपली बांबूची बासरी माझ्या हातात दिली. मी सरगम वाजवली. निषादावर आलो आणि ओठ आपोआप वळला. सूर चढला.

"परत," सर म्हणाले.

परत तेच.

"ओठ का हलवतोस?"

मी पिशवीतून पाईप काढून दिला. सरांनी भोकांवरून बोट फिरवलं. "सुरेख काम आहे. कुणी केलं?"

"आप्पांनी. मशीनवर."

सरांनी तो वाजवून बघितला. मग पाईप खाली ठेवून म्हणाले, "अंतर सारखं ठेवलंय रे त्यांनी. सूर सारख्या अंतरावर नसतात. बासरी करणारा भोक थोडं पाडतो, वाजवून बघतो, मग कोरत कोरत सुरात आणतो. तुझा ओठ ह्या पाईपची चूक भरून काढायला शिकलाय. आता तेवढं विसर."

"किती दिवस लागतील?"

"शिकायला लागले त्यापेक्षा जास्त."

हे मी घरी सांगितलं नाही.

सकाळी शिवाजी पेठेत झेरॉक्सच्या दुकानात काम, दुपारी कॉलेज, संध्याकाळी क्लास. क्लासमध्ये नुसता नी आणि सा, नी आणि सा. पलीकडच्या खोलीत लहान मुलं पियानोच्या परीक्षेचे धडे घोटायची. त्यांनी पट्टी दाबली की सूर जागेवरच. मला त्या पोरांचा राग यायचा. त्यांचा काय दोष? सावकाश वाजवताना, लक्ष ठेवलं की, माझाही निषाद बरोबर यायचा. लय वाढली की ओठ जुन्या जागी जायचा.

मधे एका लग्नाच्या ऑर्केस्ट्रात विचारून आलो. मालक हसला. "बासरी कीबोर्डात हाय की रे! तुला येगळा कुठं बसवू?"

शेवटच्या वर्षी रेडिओच्या स्वरपरीक्षेला बसलो. आप्पा रजा काढून आले आणि फाटकाबाहेर थांबले. आत यमन वाजवायला सांगितला. यमनात निषादापासून सुटका नाही. आलाप बरा झाला, सरांना वाटलं होतं त्यापेक्षाही बरा. मग तबला सुरू झाला, लय वाढली, आणि नी चढला. एकदा, दोनदा, तीनदा. मला स्वतःला ऐकू येत होतं आणि ओठ ऐकत नव्हता. काचेपलीकडं कुणीतरी मान खाली घालून लिहिलं.

पत्र आलं, नापास. पुढच्या वेळी परत बसलो. परत तेच पत्र. ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

आप्पांनी विचारलं, "पाईप नेलतास का तू?"

"न्हाय."

"बांबूची नेलतास?"

"व्हय."

"मग कसं हुईल?" ते आईकडं वळले. "माझी न्हेली असती तर झालं असतं गं त्येचं."

आई म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या की."

खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. आप्पा पत्राची घडी घालत होते, कडेला कड जुळवून. त्यांना अजून तसंच वाटतं. मी तिसऱ्यांदा अर्ज केला नाही.

मी बी.ए. झालो, संगीत विषय घेऊन, द्वितीय श्रेणीत. आमच्या घरात आणि तिन्ही चुलत्यांच्या घरांत पदवी घेणारा मी पहिला, हे मी ताठ मानेनं सांगतो. सरांच्याच क्लासमध्ये आता मी नोकरीला आहे. लहान मुलांना कीबोर्डचे पहिले धडे देतो.