दोनशे अठ्ठ्याऐंशीवी मतपत्रिका

वानतोरबाबांची गिरणी आमच्या गावच्या प्राथमिक शाळेला लागून आहे. कसावा, मका, ज्वारी दळता दळता त्यांच्या भुवया कायमच्या पांढऱ्या झाल्या. तिशीतही ते म्हातारेच दिसायचे, असं माझी आई सांगते. आता सत्तरी आली तरी त्यामुळे कुणाला फरक कळत नाही. माझं शिवणाचं दुकान गिरणीच्या समोर. तीस वर्षं मी मशीन चालवतेय आणि तीस वर्षं त्यांच्या इंजिनाचा धूर गिळतेय. तक्रार केली तर म्हणायचे, "एर्दू, धूर फुकट आहे, तुझ्याकडून त्याचे पैसे घेतो का मी?"

माणूस सरळ होता. 'होता' लिहिलं, पण अजून आहे. त्याच्या सरळपणाला मी भूतकाळात टाकलं, त्याचं कारण पुढे येईल.

आमच्याकडे निवडणूक आली की पक्षवाले तांदळाच्या पिशव्या वाटतात. शहाणी माणसं तिन्ही पक्षांकडून घेतात. वानतोरबाबा कुणाकडून घेत नसत, आणि ज्याने घेतली त्याचं दळण मुद्दाम सगळ्यात शेवटी काढत. दर निवडणुकीला शाळेच्या आवारातल्या केंद्रावर ते कुठल्या ना कुठल्या पक्षाचे एजंट म्हणून बसायचे. जो पक्ष त्यांना प्रामाणिक वाटेल त्याचा बिल्ला लावायचे, आणि तो पक्ष हमखास पडायचा. गावात चेष्टाच झाली होती. एखाद्याला पाडायचं असेल तर खर्च कशाला करता, वानतोरचा बिल्ला लावा त्याला, असं लोक म्हणायचे. ते हसायचे. पण त्या हसण्यात थोडं लागलेलं असायचं, हे मला समोरून दिसायचं.

त्या वर्षी गव्हर्नरच्या निवडणुकीत तीन पक्ष बरोबरीने उभे ठाकले. खुर्चीवर कंदील चिन्हवाले होते. आठ वर्षांत त्यांनी शिक्षकांचे पगार थकवले होते. होडीवाले कंदिलातूनच फुटून निघालेले. आणि कुदळीचा उमेदवार आमच्या नदीकाठचा, पूल बांधून देतो म्हणणारा. पुलाचं मोल आम्हालाच माहीत. पावसाळ्यात बाळंतीण पलीकडच्या दवाखान्यात न्यायची तर होडीची वाट बघावी लागते, आणि त्या वाट बघण्यात दरवर्षी एखादी जाते. वानतोरबाबांची सून तशीच गेली होती. तीन तिघाडा, काम बिघाडा, असं जो तो म्हणत होता, कारण कुणाची मतं कुणाला खाणार हे कुणालाच सांगता येत नव्हतं. वानतोरबाबांनी कुदळीचा बिल्ला लावला आणि मला म्हणाले, "या खेपेला पडला तर मी गिरणी विकीन."

मतदानाच्या दिवशी केंद्राधिकारी म्हणून इदारा नावाची मुलगी आली होती. दूर दक्षिणेकडच्या कॅलाबार शहरातली. आमच्याकडे पदवी झाली की पोरांना वर्षभर घरापासून लांब देशसेवेला पाठवतात. त्या वर्षाचं प्रमाणपत्र हातात नसेल तर पुढे धड नोकरी मिळत नाही. ही आमच्या शाळेत गणित शिकवायला होती. आमची भाषा तिला येत नव्हती, म्हणून बायाबापड्यांचं बोलणं तिला समजावायचं काम वानतोरबाबा करत. त्यांना ती 'बाबा' म्हणायची आणि आठवड्यातून चारदा त्यांच्याकडे जेवायची. याम हा कंद उकडून कांडलेला गोळा पहिल्या दिवशी तिला गिळवत नव्हता. नंतर तीच जास्तीचं मागायला लागली.

दुपारी मी आईला हातगाडीत बसवून केंद्रावर नेलं. आई, तोरक्वासे, तेव्हा ब्याऐंशीची होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे गेलेले. मतदार ओळखायचं यंत्र असतं, त्यावर बोट ठेवायचं. साठ वर्षं शेतात याम लावायला मातीचे ढीग घालून आईच्या बोटांवर रेघ म्हणून उरली नव्हती. यंत्र गप्प. मग चेहरा दाखवायचा असतो. डोळे पांढरे, गाल बसलेले, फोटो वीस वर्षांपूर्वीचा. यंत्राने तीनदा नाही म्हटलं. यंत्र नाही म्हणालं तर मताचा कागद देता येत नाही, असं इदाराने हळू आवाजात सांगितलं. तिला वाईट वाटत होतं, ते दिसत होतं.

वानतोरबाबांनी ते आमच्या भाषेत सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मला तो डबा ओळखत नाही म्हणतोस. तू ओळखतोस ना, वानतोर?"

ते उठले. आधी इदाराला इंग्रजीत सांगितलं, मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं आमच्या भाषेत. "ही तोरक्वासे. मी जन्मायच्या आधीपासून ही तोरक्वासेच आहे. यादीत नाव आहे, समोर बाई आहे. आता त्या यंत्राने ओळखायचं आणखी काय राहिलं?"

रांग ओरडायला लागली, म्हातारीला कागद द्या. ओरडणाऱ्यांत मी पहिली होते. होडीच्या एजंटने हरकत घेतली नाही. कंदिलाचा एजंट तर माझ्या आईचा सख्खा भाचा. तो म्हणाला, मावशीला अडवलं तर घरी जेवायला कोण देईल. इदाराने एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा वानतोरबाबांकडे, आणि कागदावर शिक्का मारून आईच्या हातात दिला. आईने मत दिलं आणि परत येताना सगळ्यांना हात दाखवला.

आमच्याकडे मोजणी उघड्यावर होते. अधिकारी एकेक कागद वर धरतो आणि सगळा जमाव मोठ्याने आकडा म्हणतो. कुदळीचे दोनशे तीन झाले तेव्हा लोक नाचायला लागले. कंदील एकावन्न, होडी तेहेतीस, एक बाद. इदाराने बेरीज केली, यंत्रातला आकडा पाहिला आणि पुन्हा बेरीज केली. पेटीत दोनशे अठ्ठ्याऐंशी, यंत्रात दोनशे सत्त्याऐंशी. यंत्राने ओळखलेल्यांपेक्षा पेटीत एक जरी कागद जास्त निघाला तरी सगळ्या केंद्राची मतं रद्द होतात, हा नियम आहे. ती गणिताची मुलगी. तिला एकाचा अर्थ आमच्याआधी कळला.

वानतोरबाबा तिच्याशेजारी वाकले. मी त्यांच्या मागेच होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"पोरी, यंत्राच्या रकान्यात दोनशे अठ्ठ्याऐंशी लिही."

"बाबा, ते खोटं होईल."

"एक म्हातारी खोटी आहे का? ती आली होती, तू बघितलीस. एका आकड्यासाठी एवढ्या लोकांचं मत पाण्यात घालणार तू? यंत्र उघडून कोण बघतंय?"

तिने लिहिलं. तिन्ही एजंटांनी सह्या केल्या. भाच्याने तर आकडाही वाचला नाही.

कुदळ राज्यभरात चौऱ्याण्णव मतांनी जिंकली. चौऱ्याण्णव. आमच्या केंद्राशिवाय हरलीच असती. वानतोरबाबांना लोकांनी खांद्यावर घेतलं, त्यांचा बिल्ला शुभ ठरला. बकरी कापली, ज्वारीच्या दारूचे, बुरुकुटूचे, माठ रिकामे झाले. नव्या गव्हर्नरने पुलाच्या जागेवर दगड बसवला. दगड अजून आहे.

कंदीलवाले कोर्टात गेले. कोर्टाने प्रत्येक यंत्र उघडायला लावलं. कोण बघतंय, असं वानतोरबाबा म्हणाले होते. पाच न्यायाधीशांपैकी तिघे बघत होते, बाकीचे दोघे लिहून घेत होते. आमचं केंद्र आकडा न जुळणाऱ्यांच्या यादीत आलं. कुदळीचे वकील गावात आले, वानतोरबाबांना गाडीत बसवून बोलले. त्यांचं म्हणणं सोपं होतं. एजंटाला माहीत होतं असं निघालं तर पक्षाने फसवणूक केली असं होईल आणि गव्हर्नर जाईल. एजंटाला माहीत नव्हतं, मुलीकडून आकडा चुकला, असं म्हटलं तर मतं वाचवायला थोडी जागा राहते. पूल हवा आहे ना, असं शेवटी विचारलं.

राजधानीतल्या कोर्टात मीही गेले होते. वानतोरबाबांनी बायबलवर हात ठेवला. त्यांना विचारलं, जास्तीची मतपत्रिका कुठून आली. ते म्हणाले, "कागद देण्याचं आणि आकडा लिहिण्याचं काम त्या मुलीचं. तिने काय केलं ते तिला ठाऊक. मी नुसती सही केली."

इदारा दोन बाकं पुढे बसली होती. तिची पाळी आली तेव्हा तिने आकडा आपणच लिहिला एवढं मान्य केलं. कुणाच्या सांगण्यावरून, असं दोनदा विचारलं. ती म्हणाली, माझी चूक आहे. तिने मागे वळूनही पाहिलं नाही, आणि मला तेव्हा, हे लिहायची लाज वाटते, पण मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

आमच्या केंद्राची मतं वजा झाली. कुदळीचे दोनशे तीन गेले, कंदिलाचे एकावन्न. कंदील अठ्ठावन्न मतांनी वर आला. वरच्या कोर्टाने तेच कायम ठेवलं. इदाराचं प्रमाणपत्र रोखलं, पेटीत जास्तीचा कागद टाकल्याचा ठपका ठेवला आणि तिला घरी पाठवलं. गावात तिला शिव्या घालणं सुरू झालं. कंदिलाने विकत घेतलेली पोर, असं लोक म्हणायचे. ज्या रांगेने ओरडून तिला कागद द्यायला लावला, तीच रांग. मी मशीनवर बसून ऐकायचे आणि धागा दाताने तोडायचे. गिऱ्हाइकांशी कोण भांडणार.

वानतोरबाबांनी गिरणी विकली नाही, पण तिचा आवाज कमी झाला. महिन्याभराने एका सकाळी ते माझ्या दुकानात येऊन बसले. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"एर्दू, एक विचारतो. त्या दिवशी मला तुझ्या आईची दया आली होती ना?"

मी म्हटलं, आली होती, सगळ्यांनी पाहिली.

"त्याच दिवशी सकाळी दोघा म्हाताऱ्यांना यंत्राने परत पाठवलं. दोघं कंदीलवाले. मी जागचा हललो नाही, नियम तो नियम म्हणालो. तुझी आई कंदीलवाली असती तर मी उठलो असतो का?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं, म्हणूनच ते माझ्याकडे आले होते. मी त्यांना पाणी दिलं.

मग म्हणाले, मी प्रतिज्ञापत्र लिहून देतो, आकडा मी लिहायला लावला आणि कोर्टात खोटं बोललो. तुरुंगात टाकतील तर टाकू देत. मी म्हटलं, द्या. पण पुढे एक म्हटलं. आईचं नाव घालू नका. गाव आईला जगू देणार नाही, म्हातारीने आपला गव्हर्नर घालवला म्हणेल. आईला तर यातलं काहीच माहीत नव्हतं. केंद्र रद्द झालं हे मी तिच्यापासून लपवलं होतं. अजून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, मी पुलाला मत दिलं. वानतोरबाबा बरं म्हणाले. त्यांनी कधी मला नाही म्हटलं नव्हतं.

तो कागद निवडणूक कचेरीत देण्याआधी इदाराला दाखवायचा म्हणून आम्ही दोघं कॅलाबारला गेलो. दीड दिवसाचा प्रवास. तिच्या आईने दार उघडलं आणि वानतोरबाबांचं नाव ऐकताच त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाली, पोरीने सगळं सांगितलंय, परक्या मुलखात तुम्ही तिला लेकीसारखं जेवू घातलंत, तिथे तिचं तेवढं एकच माणूस होतं. मग तिने भाजीचं दाट सूप आणि माशांची ताटली पुढे ठेवली. वानतोरबाबांनी खिशातला कागद काढून ताटलीशेजारी ठेवला.

इदारा आली. बारीक झाली होती, शेजारच्या दुकानात हिशेब लिहायला बसायची. तिने कागद उभ्यानेच वाचला, मग पुन्हा वाचला.

"बाबा, यात लिहिलंय की आकडा तुम्ही सांगितला."

"हो."

"पण जास्तीचा कागद कुणाचा, ते नाही लिहिलं. म्हणजे पेटीत तो मीच टाकला, आणि तुम्ही मला झाकायला सांगितलं, असं होतं. माझ्यावर ठपका त्याचाच आहे."

वानतोरबाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "माझ्याच्याने पूर्ण लिहवलं नाही, पोरी." माझा भारसुद्धा त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतला, आणि मी ताटाकडे बघत बसले. इदाराला सगळं कळलं असणार. तिने कागदाची घडी घातली आणि तिच्या आईला आम्हाला अजून वाढायला सांगितलं.

घरी आल्यावर मी आईच्या खाटेशी बसले आणि सगळं सांगितलं. यंत्र, एकाचा फरक, कोर्ट, कॅलाबार. आपलं मत मोजलंच गेलं नाही, हे समजायला तिला वेळ लागला. गावातल्या कुणाचंच मोजलं गेलं नाही हे समजायला त्याहून जास्त. मला वाटलं ती रडेल, किंवा नशिबाला बोल लावेल.

ती म्हणाली, "त्या पोरीने स्वतःची खुर्ची मला दिली होती त्या दिवशी. संध्याकाळपर्यंत ती उभी होती. तू तिला काय दिलंस?"

दुसऱ्या दिवशी मी वानतोरबाबांबरोबर जाऊन नवं प्रतिज्ञापत्र केलं. पहिल्या ओळीत आईचं नाव, दुसऱ्या ओळीत माझं. कचेरीतल्या माणसाने ते ठेवून घेतलं, कळवू म्हणाला. त्याला एक वर्ष आणि चार महिने झाले. इदाराचं प्रमाणपत्र अजून आलेलं नाही.