आदल्या दिवशी काय झालं?

कुणाच्या मरणाची बातमी घेऊन गेलं की गंगापूर रोडवरच्या आमच्या कामगार संघटनेच्या वकीलबाई हळहळायच्या आधी विचारायच्या, "आदल्या दिवशी काय झालं होतं?" मला राग यायचा. माणूस आज गेलाय आणि यांना कालची पडलीय!

त्यांच्या ऑफिसात शिरताना हुकूम ठरलेला असे : "चपला आणि घोषणा बाहेर काढून ये." मग स्वतःच आलं ठेचून चहा टाकायच्या आणि माझ्या पत्रकातली उद्गारचिन्हं लाल पेनानं एकेक करून मारायच्या.

सुरगाण्याच्या यमुनाचा नवरा दिंडोरीजवळच्या एका वाइनरीत टाकी साफ करायला उतरला आणि आतल्या वायूनं गुदमरून मेला. पोलिसांनी लिहिलं, मालकाचा निष्काळजीपणा. जिवंत माणूस आत ढकलायचा आणि वर म्हणायचं, लक्ष नव्हतं! मी पत्रक काढलं : 'हा खूनच!'

बाईंनी ते वाचलं. "मालकाला तो मरायला हवा होता?"

"तसं नाही, पण..."

"मग खून म्हणू नकोस. त्याचा वकील तुझंच पत्रक वाचून हसेल आणि सुटेल तो."

"म्हणजे पोलिसांचंच खरं?"

"गप्प बस जरा." त्या माझ्यासोबत आलेल्या यमुनाकडे वळल्या. "यमुना, आदल्या दिवशी काय झालं गं?"

"आदल्या दिवशी माझा दीर त्याच टाकीत भोवळ येऊन पडला व्हता, बाई. मालकानंच वढून काढला, लिंबूपाणी पाजलं. म्हणला, उद्या दुसऱ्याला उतरवू."

बाईंनी कप खाली ठेवला. "ऐकलंस? मारायचं नव्हतं, पण आत जीव जाईल हे त्यानं डोळ्यांनी बघितलं होतं. बघूनही दुसरा उतरवला. हा विसरभोळेपणा नव्हे, सदोष मनुष्यवध आहे. खुनाच्या खालचा, पण निष्काळजीपणाच्या पुष्कळ वरचा."

पोलिसांना पुरवणी जबाब घ्यायला लावून बाईंनी ते कलम लावून घेतलंच. मी मात्र आजही चिडलो की खूनच म्हणतो. फक्त छापत नाही.

खटला उभा राहायच्या आत बाई गेल्या, हृदयविकारानं. त्यांच्या मुलीला भेटायला गेलो आणि तोंडून निघून गेलं, "आदल्या दिवशी काय झालं होतं?" ती रडता रडता हसली. "यमुनाची तारीख कधी आहे, ते विचारत होती."

परवा ती तारीख होती. सरकारी वकिलांनी विचारलं, "तुमचे पती कसे वारले?"

यमुनानं पदर सावरला. कोर्टात बाई जिथं बसल्या असत्या त्या खुर्चीकडे एकदा बघितलं.

"साहेब," ती म्हणाली, "आदल्या दिवसापासून सांगते."