ओवी झोपली आहे

रत्नप्रभा घाडी आमच्याच इमारतीत तळमजल्यावर पाळणाघर चालवतात. मुलुंड पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीत. मूळच्या कणकवलीकडच्या, वडील लालबागला गिरणीत होते. लग्न होऊन इकडे आल्या आणि शेजारणींची पोरं सांभाळता सांभाळता त्याचंच पाळणाघर झालं. माझा विशाल त्यांच्याचकडे वाढला. मुलांशी त्या मालवणीतच बोलतात, त्यामुळे आमच्या इमारतीतली गुजराती पोरंसुद्धा ‘खंय चल्लंस?’ असं विचारतात.

काही वर्षांपूर्वी त्यांनी पाळणाघरासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. एकदाच पैसे भरायचे, ते घरच्या कॉम्प्युटरवर चालायचं. कोण किती वाजता आलं, काय जेवलं, कधी झोपलं, न्यायला कोण येणार, सगळं त्यात. पुढे ती कंपनी दुसऱ्या कोणीतरी विकत घेतली. मग दर वर्षी परवाना घ्यायचा आणि नोंदी मोबाइलवर करायच्या, असं झालं. नव्या अटींचं लांबलचक पान आलं तेव्हा एका पोराला उलट्या होत होत्या. रत्नाताईंनी ते न वाचताच खाली सरकवून ‘मान्य आहे’ दाबलं आणि फडकं आणायला धावल्या. मला त्या हे नंतर सांगत होत्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

ओवी त्यांच्याकडे आली ती चार वर्षांची असताना. तिची आई दीप्ती नवऱ्याचं घर सोडून मुलीला घेऊन वडिलांकडे राहायला आली होती. नवरा हर्षद मारायचा. कोर्टात केस सुरू होती, पण मुलीबद्दल अजून काही आदेश नव्हता. वडिलांनी जागा नुकतीच बदललेली, त्यामुळे हर्षदला हा पत्ता माहीत नव्हता. दीप्तीने रत्नाताईंना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की, मी किंवा माझे बाबा, तिसऱ्या कोणाच्या हातात पोर द्यायची नाही.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. मुलं आडवी झाली होती. रत्नाताईंचा फोन वाजला. त्यांनी उचलला, ऐकत राहिल्या, आणि मला खुणेने जवळ बोलावून फोन स्पीकरवर टाकला.

“ओवीने आज वरणभात अर्धा टाकला ना?” पुरुषाचा आवाज, अगदी सौम्य. “बरं नाहीये का तिला?”

रत्नाताईंनी कोण बोलतंय म्हणून विचारलं.

“मी तिचा बाबा. शाळेच्या प्रवेशासाठी ॲपवर तिचं नाव आणि जन्मतारीख भरली, तर तुमचं पाळणाघर उघडलं. छान ठेवता हो सगळं लिहून.”

तेवढ्यात गल्लीतून भंगारवाल्याची रेकॉर्ड वाजत गेली. ती खिडकीतून ऐकू आली, आणि फोनमधूनही. रत्नाताईंनी माझ्याकडे पाहिलं. तो बाहेरच उभा होता.

त्यांनी फोन ठेवला आणि दीप्तीला लावला. ती घाटकोपरला ऑफिसात होती. ऐकताच ती म्हणाली, “मावशी, तिला आत्ता बाहेर काढा. कुठूनही.” पोलिसांकडे ती आधी जाऊन आली होती. तो बाप आहे, आदेश आणा, असं तिला सांगितलं होतं.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. समोरच्या रिक्षांजवळ इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस मोबाइलमध्ये बघत होता. रत्नाताईंनी ओवीची नोंद पुसायचा प्रयत्न केला. पुसायचं बटणच नव्हतं. फक्त नवीन ओळ लिहिता येत होती. मग त्यांनी लिहिलं : ‘ओवी झोपली आहे.’

बाहेरच्या माणसाने मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि तो रिक्षाला टेकून आरामात उभा राहिला.

इतकी वर्षं त्या नोंदींत त्यांनी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं.

मागच्या बाजूला पंपाच्या खोलीशेजारून बाजूच्या सोसायटीत जायला एक लहान फाटक आहे. मी ओवीला कडेवर घेऊन तिथून निघाले. ती अर्धवट झोपेत “खंय चल्लंस?” म्हणाली. आईकडे, एवढंच मी सांगितलं. पलीकडच्या रस्त्यावर रिक्षा मिळेपर्यंत प्रत्येक माणूस माझ्याकडेच बघतोय असं वाटत होतं. घाटकोपरला दीप्तीच्या हातात पोर दिली तेव्हा माझा खांदा आखडला होता.

मागे काय झालं ते रत्नाताईंनी मला सांगितलं. न्यायच्या वेळेला हर्षदने बेल वाजवली. त्यांनी सेफ्टी डोअर बंद ठेवूनच सांगितलं की, ओवी इथे नाही.

“इथे लिहिलंय झोपलीय.” त्याने मोबाइल जाळीला लावला.

“मीच लिहिलंय ते,” रत्नाताई म्हणाल्या.

तो ओरडला नाही. चपलांच्या स्टँडकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नोंदीतून तिच्या आजोबांचं नाव, त्यांच्या इमारतीचं नाव, मजला, एकेक करून मोठ्याने वाचलं आणि निघून गेला. आजोबा घाबरून त्याच संध्याकाळी बहिणीकडे गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी अंधेरीला कंपनीच्या ऑफिसात गेलो. सौरभ नावाचा मुलगा भेटला, वागायला चांगला. त्याने अटींचं पान उघडून समजावलं. सॉफ्टवेअर कंपनीचं, ताईंना वापरायचा परवाना. नोंदी ताईंच्याच, पण त्या साठवायचा, वापरायचा आणि शाळांच्या ॲपला द्यायचा कायमचा हक्क कंपनीकडे. पालक म्हणून वडिलांचं नाव जुळलं की त्यांना दिसणार.

“माझ्या नोंदी आहेत तर मला पुसू दे ना,” रत्नाताई म्हणाल्या.

“तुमच्या परवान्यात ते नाहीये, मॅडम. मी वर लिहून पाठवतो.”

घरी आल्यावर त्यांनी सगळ्या पालकांना बोलावलं आणि झालं ते सांगून टाकलं. मी म्हटलं होतं, जरा दमानं घ्या, पाळणाघराची वाट लागेल. त्यांनी ऐकलं नाही. निम्म्या पालकांनी दुसऱ्या दिवसापासून मुलं पाठवलीच नाहीत. राहिलेल्यांपैकी एका आईने वकिलाकडून कंपनीविरुद्ध तक्रार लिहवून दिली, ती अजून कुठेतरी पडून आहे.

दीप्ती एकदाच येऊन गेली, ओवीची चादर आणि कपडे न्यायला. आम्ही दुसरीकडे जातोय, असं म्हणून ती पुढे सांगू लागली तर रत्नाताईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

“नको सांगू. मला माहीतच नको.”

ओवीला त्यांनी पुन्हा पाहिलं नाही. हर्षद काही दिवस रिक्षांजवळ दिसायचा, मग दिसेनासा झाला. ते बरं झालं की वाईट, हे आम्हाला कळेना. रत्नाताईंनी वर्षाच्या शेवटी परवाना घेतला नाही, तर त्यांच्याच नोंदी त्यांच्यासाठी बंद झाल्या. कंपनीचं उत्तर आलं की, ओवीची नोंद निष्क्रिय केली आहे. पुसली आहे, असं त्यात कुठेही नव्हतं.

आता त्यांच्याकडे चारच मुलं असतात. बेल वाजली की त्या आधी पडद्याशी जातात, दूधवाला असला तरी.

परवा त्या जिना चढून माझ्याकडे आल्या, हातात मोबाइल. शाळांच्या त्या ॲपकडून मेसेज आला होता : ‘ओवी आज पाच वर्षांची झाली. तिच्यासाठी शाळा निवडलीत का? घराजवळच्या शाळा पाहा.’

“नलू, वाच गो नीट,” त्या म्हणाल्या. “खंयचा घर, ता लिवलाहा काय?”

मी वाचलं. पत्ता नव्हता. तसं सांगितलं, तरी त्या उभ्याच राहिल्या. हाच मेसेज अजून कोणाकोणाला गेला असेल, त्यांनी विचारलं. मग त्यांच्या समाधानासाठी मी तो पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवला.